काय खाल्लं होतं

तिठ्यावरच्या दुकानात चाळीस वर्षं
मला तीनच प्रश्न विचारले गेले.
आजचंच ना?
मांडी आहे का?
चरबी जरा कमी घालशील का, दस्तगीर?
बापालाही हेच विचारायचे,
फक्त त्याच्याकडे चरबी वाढवून मागायचे.

यंदा दिवाळीनंतर
सड्यावरच्या नव्या बंगल्यातल्या दिघेबाई
गाडीची काच चार बोटं खाली करून म्हणाल्या,
"ह्यानं काय खाल्लं होतं?"

सुरा हातातच राहिला.
टांगलेल्या बोकडाकडे मी वळून बघितलं,
जसा काही तोच सांगणार.

मग कळलं, हा प्रश्न पुण्यात
दोन वर्षांपूर्वीच आलाय.
तिथल्या कंपनीचा निनाद नावाचा पोरगा नाट्याला आला,
माझ्या लाकडी ओंडक्यावर कोपर टेकून
त्यानं टॅबवर एक रेघ दाखवली,
अणुस्कुरा घाटासारखी चढत जाणारी.
ही मागणी, म्हणाला.
पेंड नको, मका नको, सुया नकोत,
लोकांना नुसत्या गवतावरचं हवंय, काका.
लोकांना? मी म्हटलं.
तो हसला, पण हिशेबाला चोख होता:
माझ्याकडे आठशे,
त्याच्या डब्यात चौदाशे साठ.
डब्यावर एक हिरवं पातं, एक काळा चौकोन.
चौकोनावर फोन धरला की सडा दिसतो.

दिसतो तो श्रावणातला.
चैत्रात कातळ तव्यासारखा होतो,
अनवाणी पाऊल ठेवलं तर आई आठवते,
तेव्हा भागा झोरेच्या शेळ्या काय खातात
हे चौकोनात नाही.
करवंदीचा पाला. तोरणीची शेंडी.
गळलेलं फणसाचं पान, ताठ, पिवळं.
शाळेच्या भिंतीवरचा एक अख्खा उमेदवार,
खळीसकट.

निनादनं भागाला विचारलं,
"मावशी, तुमची जनावरं गवतावरच ना?"
"गवत म्हशीला," भागा म्हणाली.
"शेळी मनाची. ती वेचून खाते."
त्यानं फॉर्मवर 'होय' लिहिलं.

महिन्याला वीस बोकड हवेत, म्हणाला.
भाव तिच्या कानाला गोड लागला, खोटं कशाला बोलू,
दोन वेळा विचारून घेतला तिनं.
मग काठी उचलून तिनं सडा दाखवला:
तिकडे कलमांना तार,
अलीकडे चिऱ्याची खाण, पाणी भरलेली,
मधे प्लॉटांचे पांढरे दगड, नंबर घातलेले.
"वीस? आणि चारू कुठं? तुझ्या त्या फोनात?"

दिघेबाईंचा बंगला आहे तिथं
भाद्रपदात कमरेएवढी कुसळी असायची.
मी तिथं लपून पहिली विडी ओढलीय.
आता लॉन आहे.
कोल्हापुराहून टेंपोतून आलं,
चटईसारखं गुंडाळून.

फाल्गुनात एका दुपारी
भागाचा कबरा बोकड गडग्यावरून आत उतरला.
माळ्यानं मलाच फोन केला,
म्हटलं हा माणूस बकऱ्यांचा.
गेलो तर बाई व्हरांड्यात उभ्या,
बोकड हिरव्यागार लॉनच्या मधोमध,
आणि लॉनला त्यानं तोंडसुद्धा लावलेलं नाही.
कुंडीतली जास्वंद मात्र बुडापर्यंत साफ.
एक लाल पाकळी ओठावर लोंबत होती.

बाई ओरडतील असं वाटलं.
त्या बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या.
"हे का नाही खात तो?"
मी काय सांगणार.
वाकून गवताला हात लावला,
थंडगार होतं, वास कसलाच नव्हता.

भागानं तो बोकड निनादला दिला नाही,
फॉर्म भरायला अंगठा दोनदा मागतो म्हणून.
माझ्याकडे आणला. भाव पुण्याचाच घेतला.

रविवारी काच खाली आली.
"मांडी आहे का?" एवढंच.
मी तोललं, फडक्यानं हात पुसले,
पिशवी देताना
न विचारताच सांगितलं,
"जास्वंद."